पाचवी पेनल्टी

“...पण मास्तर, माईकवरून असं बोलायची गरज होती का?”

धैर्यशील सासने चप्पल न काढताच उंबऱ्यात उभा होता. चौतीस वर्षांचा कोच. तीन वर्षांत त्यानं तालमीच्या फुटबॉल संघाला दोन चषक मिळवून दिले होते, आणि कोल्हापुरातल्या दोन चौकांत त्याच्या फोटोचे फलक लागले होते.

इलाही मास्तर खाटेवर बसून बशीत चहा ओतत होते.

“काय बोललो मी?”

“रविवारी आवटीनं पेनल्टी चुकवली तेव्हा. सगळ्या स्टेडियमला ऐकवलंत. ‘चुकली, पण मारायला पुढं आला तो एकटाच.’ माझ्या संघाची लाज काढलीत.”

“मग दुसरं कोण आलं हुतं?”

कोणीच आलं नव्हतं. पंच चेंडू ठेवत होते तेव्हा बाकीच्यांना अचानक बुटांच्या नाड्या बांधायच्या होत्या.

मास्तरांशी वाद घालणं सोपं नव्हतं. इलाही मुजावर एक्केचाळीस वर्षं फुटबॉलचे कोच होते. सहा तालमींचे संघ त्यांनी घडवले, अकरा चषक आणले, आणि सात वेळा त्यांना काढून टाकण्यात आलं. एका तालमीनं तर दोनदा. पाय थकल्यावर ते कॉमेंट्री करायला माईकपाशी येऊन बसले, त्यालाही चौदा वर्षं झाली. लोक म्हणत, मास्तर बोलायला लागले की डोळे मिटले तरी मॅच दिसते.

“आवटीला मी संघातून काढलंय,” सासने म्हणाला. “गुरुवारी फायनल आहे. मला न चुकणारा माणूस पाहिजे. तुम्ही एवढी वर्षं काढलीत. असा माणूस ओळखायचा कसा?”

“न चुकणारा...” मास्तरांनी बशी खाली ठेवली. “मला तसला एकबी गावला न्हाई बाबा.”

“चेष्टा करू नका.”

“चेष्टा न्हवं. माझ्याकडं बंडा सुतार म्हणून गडी हुता. फायनलला पेनल्टी चुकवली त्यानं. पुढच्या वर्षी फायनलला परत त्यालाच पाठवला. परत चुकवली. तालमीनं मला काढलं.”

“आणि त्याला?”

“त्याला ठिवला. जाताना मी तेवढंच मागितलं.”

“मग?”

“तिसऱ्या वर्षी मारली की त्यानं! आशी मारली...” मास्तरांचे दोन्ही हात वर गेले. “कीपर हाललाच न्हाई. वरचा कोपरा!”

सासनेचा चेहरा खुलला. “म्हणजे तुमचंच खरं ठरलं. परत बोलावलं असेल तुम्हाला.”

“कशाला बोलावतील? मी समोरच्या संघाचा कोच हुतो. गोल माझ्यावरच झाला. कप गेला. त्या तालमीनंबी मला काढलं.”

मास्तर पोट धरून हसले. सासनेला हसू येईना.

“पण मग यात जिंकलं कोण, मास्तर?”

“...चहा घेतोस?”

गुरुवारी स्टेडियममध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पंकज आवटी राखीव खेळाडूंच्या बाकावर बसला होता. सासनेनं त्याचं नाव यादीत परत घातलं होतं. का, ते कोणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं.

मॅच एक-एक बरोबरीत होती. पाच मिनिटं उरली, तेव्हा टायब्रेकर होणार, दोन्हीकडून पाच-पाच पेनल्ट्या मारल्या जाणार, हे दिसायला लागलं. सासनेनं चार जण मनात पक्के केले. पाचवा सापडेना.

तो बाकाकडं वळला.

“मारशील?”

“मारतो, सर.”

“परत चुकली तर?”

आवटी उठून उभा राहिला. “तरी मारतो.”

सासनेनं बदलीसाठी हात वर केला. मास्तरांचा आवाज मैदानावर घुमला, “पंकज आवटी येतोय. सासनेनं त्याला आणलाय!”

समोरच्या संघाचे पाचही गोल झाले. सासनेच्या संघाचे चार झाले. राहिली पाचवी किक.

आवटीनं चेंडू ठेवला. धावत आला. चेंडू आडव्या दांडीवर आदळून वर उडाला.

अर्धी गॅलरी नाचत होती, अर्धी दगडासारखी बसली होती. तालमीचे अध्यक्ष कट्ट्यावरून उतरून थेट सासनेसमोर आले.

“त्याला आत घ्यायला कुणी सांगितलं हुतं?”

कर्णधार बाजूलाच उभा होता. त्याचं नाव घेता आलं असतं. ज्याच्या जागी आवटी आला, त्या गुडघा दुखावलेल्या फॉरवर्डचं घेता आलं असतं.

“मी घेतलं,” सासने म्हणाला. “आणि पुढच्या वेळीपण मीच घेणार.”

“पुढची वेळ तुझी न्हाई. उद्यापासून मैदानावर यायचं काम न्हाई.”

सासने लोखंडी जिना चढून वर गेला. मास्तर माईकची वायर गुंडाळत होते.

“मास्तर, चुकली.”

“बघितलं.”

“मला काढलं.”

“दिसलं ते वरनं. पयलीच बारी न्हवं?”

“हो.” सासनेनं श्वास घेतला. “मास्तर, वाईट वाटायला पाहिजे. पण वाटत नाहीये. तेच समजेना...”

मास्तर खाली पाहत होते.

लोक निघून गेले होते. फलक उतरवले जात होते. रिकाम्या मैदानावर आवटी एकटाच होता. ठिपक्यावर चेंडू ठेवायचा, मारायचा, जाळीतून काढून आणायचा, परत ठेवायचा.

सासनेही पाहत राहिला.

“मघापासून मारतोय,” तो म्हणाला. “बघा की मास्तर, एकूण एक आत जातेय!”

मास्तर त्याच्याकडं वळले.

“जानारच की. गोलात उभा कोण हाय?”