नणंदेनं आणलेली गोळी

तापीकाठच्या एका गावात सुपडू नावाचा एक भडभुंज्या राहायचा. भट्टीवर फुटाणे भाजता भाजता एके दिवशी त्याच्या हातातला झारा गळून पडला. डावा हात लुळा झाला, तोंड वाकडं झालं. तालुक्याच्या दवाखान्यात नेलं तेव्हा कळलं, की रक्ताचा दाब वाढून डोक्यातली नस फुटली आणि आत रक्त सांडलं.

माणूस वाचला. घरी पाठवताना डॉक्टरीणबाईंनी त्याच्या बायकोला, यमुनेला, जवळ बोलावलं. "आता सगळं दाबावर आहे. तो वर गेला तर नस पुन्हा फुटायची भीती. रोज सकाळी ही गोळी. काही त्रास झाला तर आपल्या मनानं बंद करायची नाही, माझ्याकडे यायचं. गोळ्या पुष्कळ आहेत. यांना सोसेल ती शोधू."

यमुनेला अक्षर ओळखता येत नव्हतं. तिनं पाकिटाचा रंग डोक्यात पक्का केला. सुपडूचा जरा डोळा लागला, की ती त्याच्या छातीकडे बघत बसे. हलते ना?

वीस दिवसांनी सुपडूचे पाय सुजले. बोट दाबलं की खळगा पडे. यमुनेच्या जिवाचं पाणी पाणी झालं.

त्याच सकाळी थोरली नणंद, वेणूअक्का, भावाला बघायला आली. आजाऱ्याकडे रिकाम्या हातानं जायचं नाही, म्हणून तिनं नारळ आणला, बिस्किटांचा पुडा आणला, आणि पदराच्या गाठीत गोळ्यांचं एक पाकीटही आणलं.

भावाचे पाय बघून तिनं कपाळावर हात मारला. "अगं, ही गोळी आहे का विष? फेक ती! सुपडू, तुझ्या दाजींचाही डावाच हात पडला होता. हात तोच, दुखणं तेच. त्यांच्याच या गोळ्यांवर ते आज एकटे बाजार करून येतात."

तिनं पाकीट देवापुढे ठेवलं, हळद-कुंकू वाहिलं आणि यमुनेच्या हातात दिलं. देवापुढून आलेलं औषध परतवायची त्या घरात रीत नव्हती.

"अक्का, डॉक्टरीणबाईंना एकदा विचारते."

"विचार की! तोवर माझा भाऊ फुगून मरू दे. माझ्यापेक्षा ती परकी बाई तुला जवळची!"

सुपडू काकुळतीला आला. "दे गं अक्काची गोळी. मला हे पाय बघवेनात."

यमुना दोन्ही पाकिटं घेऊन उभी राहिली. जुनी द्यावी, तर पाय सुजतायत. नवी द्यावी, तर काय होईल कोण जाणे. काहीच न द्यावं, तर दाब चढेल. शेवटी तिनं मन घट्ट केलं. जुनीच गोळी नवऱ्याला दिली, नवं पाकीट कनवटीला खोचलं, आणि दहाच्या एसटीत त्याला धरून बसवलं. "बघतेच ती काय सांगते," म्हणत अक्काही तणतणत मागून चढली.

डॉक्टरीणबाईंनी दाब मोजला, रक्त-लघवी तपासली. "सूज या गोळीचीच आहे. पण दाबही हिनंच धरून ठेवला. आजपासून दुसरी देते, आठ दिवसांनी दाखवा."

मग यमुनेनं कनवटीचं पाकीट काढलं, ते वेणूअक्कानं आपल्या नवऱ्याचं आणलंय म्हणून सांगितलं; ते पाहून डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. "ही दिली नाहीत ना?"

"नाही बाई."

"वेणूबाई, तुमच्या घरच्यांना काय झालं होतं?"

"नसेत रक्ताची गाठ अडकली म्हणाले."

"त्यांची नस तुंबली, यांची फुटली. ही गोळी रक्त गोठू देत नाही. यांना दिली असती, तर डोक्यात पुन्हा रक्त सुटू शकलं असतं."

अक्का मटकन बाकावर बसली. दुसऱ्याच क्षणी उठून दाराकडे धावली. "मला घरी जाऊ दे! आमच्या ह्यांना सांगते, त्या गोळीला हात लावू नका!"

यमुनेनं तिचा हात धरला. "अक्का, असं करू नका. त्यांची नस तुंबली होती, त्यांना तीच लागते." तिनं पाकीट अक्काच्या हातात ठेवलं आणि वरून तिची मूठ मिटली.

तात्पर्य: दोघांचं दुखणं वरून सारखं दिसलं, म्हणून औषध सारखं होत नाही, गोळी बदलायची ती जाणत्याला विचारून, आणि विचारून होईपर्यंत चालू असलेली भीतीपोटी सोडायची नाही.