भरल्या टाकीला खाच

एकदा एक कापडाचा व्यापारी आपल्या शाळेतल्या म्हाताऱ्या गुरुजींच्या दारात येऊन उभा राहिला. वय साठीचे, पण उभे राहण्याची ढब गृहपाठ न केलेल्या विद्यार्थ्याची.

“गुरुजी, मासे मरायला टेकलेत. चला.”

गुरुजींची हयात जीवशास्त्र शिकवण्यात गेली होती. निवृत्तीनंतर निम्म्या गावातल्या माशांच्या टाक्या त्यांनीच बसवून दिल्या होत्या. त्यांनी विचारले, “पाणी बदललंस?”

“रोज बदलतो.”

“रोज? मग मासे राहू देत, तूच मरायला टेकला असशील,” असे म्हणत त्यांनी चपला पायांत सरकवल्या.

टाकी व्यापाऱ्याच्या पत्नीची, कुमुदची. लांबरुंद, ॲक्रिलिकची. कुमुद जाऊन वर्ष होत आले होते. ती गेली तेव्हा माणसे भेटायला आली. व्यापाऱ्याने प्रत्येकाला चहा दिला, ‘देवाची इच्छा’ म्हटले आणि लगेच कापूस-सुताच्या भावावर आला. डोळ्यांतून पाण्याचा टिपूस काढला नाही. लोक म्हणाले, काय धीराचा माणूस! आता धीराच्या माणसाकडे पुन्हा पुन्हा कोण जातो? हळूहळू येणारे थांबले. दुकान पुतण्या सांभाळू लागला आणि व्यापारी टाकीसमोर खुर्ची टाकून बसू लागला. कुमुदच्या हातचे, जिवंत असे घरात एवढेच उरले होते. आता तेही सोनमासे वर येऊन, तोंडे वासून धापा टाकत होते. हेही गेले तर सकाळी उठायचे कोणासाठी, हे त्याला कळत नव्हते.

गुरुजींनी पाण्यावरून बोट फिरवले. बोटामागे एक पातळ पापुद्रा फाटत गेला.

“तवंग धरलाय. तू नळी लावून तळाचं पाणी काढतोस, गाळणीही तळाचंच पाणी ओढते. वरचं पाणी जागचं हलतच नाही. श्वास कुठून घेतील बिचारे?”

“मग काय करायचं?”

“टाकीला भोक पाडायचं.”

व्यापाऱ्याने टाकीच्या काठावर हात ठेवला. इतक्या वर्षांत थेंबभर न गळलेली टाकी, तीही कुमुदची, आणि तिला भोक? म्हाताऱ्याला चळ तर लागला नाही? पण गुरुजींना उलट बोलायची त्याला शाळेपासूनच सवय नव्हती.

दुसऱ्या दिवशी मासे टबात गेले. पाणी निम्म्यावर आणून गुरुजींनी मागच्या भिंतीला, वरच्या काठाखाली चार बोटांवर, आडवी खाच पाडायला घेतली. ॲक्रिलिक तापले की वितळते, म्हणून ते ड्रिल हळूहळू फिरवीत आणि व्यापाऱ्याला सारखे पाणी शिंपडायला लावीत. प्रत्येक फेऱ्याला व्यापाऱ्याच्या काळजात कळ उठत होती. खाचेबाहेर त्यांनी एक छोटी पेटी चिकटवली, पेटीच्या बुडातून नळी काढून खाली ठेवलेल्या दुसऱ्या टाकीत सोडली आणि तिथले पाणी गाळून परत वर आणायला पंप बसवला. चिकटवायचे सोल्यूशन पक्के वाळेपर्यंत कोणाला हात लावू दिला नाही.

मग पाणी भरून पंप सुरू केला. तवंग पदर सरकावा तसा खाचेकडे सरकला आणि पेटीत उतरला. पाणी आरपार दिसू लागले. संध्याकाळपर्यंत मासे खाली जाऊन खडे चिवडू लागले. व्यापाऱ्याने गुरुजींचे पाय धरले.

इथे गोष्ट संपली असती. पण दुसऱ्या दिवशी दुपारी वीज गेली.

पंप थांबला, तरी खाचेतून पाणी पडतच होते. तो आवाज ऐकून व्यापारी टाकीकडे धावला. वर येणारे बंद आणि खाली जाणारे चालूच! अशाने सगळी टाकी रिकामी होणार. त्याने खांद्यावरचा पंचा घट्ट पिळला आणि खाचेत कोंबला. आवाज थांबला. मोठे काम केल्याच्या समाधानात त्याचा खुर्चीतच डोळा लागला. वीज परत आली ती त्याला कळलीच नाही. पंप खालचे पाणी इमाने इतबारे वर चढवू लागला, पण उतरायची वाट बंद. पाणी काठावरून सांडले, भिंतीवर उतरले, खोलीभर पसरले. जाग आली ती पाय भिजल्यावर.

निरोप मिळताच धावत आलेल्या गुरुजींनी आधी तो पंचा उपसून काढला. टाकी पूर्ववत वाहू लागल्यावर मात्र त्यांनी स्वतःच्या हाताने पंपाचे बटण बंद केले.

“गुरुजी! पुन्हा रिकामी होईल!”

“बस. बघ. हात लावायचा नाही.”

पाणी पडत राहिले. व्यापाऱ्याने खुर्चीचे हात घट्ट धरले. थोड्या वेळाने धार बारीक झाली. मग थेंब. मग तेही थांबले. टाकी चार बोटे उणी, बाकी भरलेली होती, आणि मासे आपल्या नादात फिरत होते.

गुरुजी सावकाश म्हणाले, “खाच मी तळाला पाडली का रे? काठाशी पाडली. काठाशी आलेलं तेवढंच ती नेते. ओसंडणं म्हणजे रिकामं होणं नव्हे. तू मात्र वर्षभर बोळा कोंबून बसला आहेस. तुला वाटतं, कुमुदविषयी एक शब्द काढला, एकदा रडलो, तर ती सगळी वाहून जाईल आणि आपल्याकडे काही उरणार नाही. अरे, ती काय काठावर आहे?”

व्यापारी त्या ओल्या फरशीवरच खाली बसला आणि हुंदके देऊन रडला.

“घर खायला उठतं हो, गुरुजी,” तो कसाबसा म्हणाला. “दोन कप चहा करतो अजून. एक ओतून देतो.”

गुरुजींनी समजूत घातली नाही. नुसते शेजारी बसून राहिले. पुष्कळ वेळाने हुंदके ओसरले. व्यापाऱ्याने मनाशी चाचपून पाहिले, तर कुमुद होती तिथेच होती.

त्याने डोळे पुसले आणि ओशाळून म्हणाला, “भूक लागली.”

“मलाही. काय येतं तुला करायला?”

“चहा.”

“मग अवघड आहे,” गुरुजी म्हणाले.

व्यापारी उठला. भिजलेल्या धोतरानिशी जिन्यापलीकडे गेला आणि शेजारचे दार त्याने वाजवले. आतून बाई आल्या तेव्हा तो म्हणाला, “वहिनी, आज आम्हा दोघांना जेवायला वाढाल का? मला एकट्याला घरात बसवत नाही.”

“अहो, या ना,” त्या म्हणाल्या, “तुम्ही कधी म्हणालाच नाहीत!”

ज्याचे पात्र भरून आले आहे, त्याने काठाशी एक वाट मोकळी ठेवायला लाजू नये.