साक्षीला कोण उभे राहील?

एकदा एका वृद्ध पाळकांनी, सर्वांच्या देखत, एका गरीब घरातली लोणच्याची भरलेली बरणी हातातून खाली टाकली. बरणी निसटली नव्हती. त्यांनी ती दोन्ही हातांनी उचलली, क्षणभर तोलली आणि बोटे सैल सोडली.

हे घर सगुणाबाईंचे होते. त्या गावात सगुणाबाईंचे नाव घेतले की लोक आधी त्यांच्या फुंकणीचे नाव घेत. चूल फुंकायची ती लोखंडी नळी. "सगुणाबाईची फुंकणी चुलीपेक्षा सुनेच्या पाठीवर जास्त चालते," असे बायका पाणवठ्यावर म्हणत. सून द्वारका लग्न होऊन आली तेव्हा चारचौघींसारखी हसरी होती. नवरा ट्रक चालवायचा, महिन्यातले बरेच दिवस बाहेर. घरात दोघीच. दूध उतू गेले, भाकरी करपली, उंबऱ्यात पाय अडखळला, कशालाही फुंकणी पुरत असे.

मग सगुणाबाईंना मोठे दुखणे आले. दवाखान्यात त्यांची उस्तवार केली ती याच सुनेने. शेजारच्या खाटेवरची एक म्हातारी रोज शुभवर्तमान मोठ्याने वाचायची. शत्रूंवर प्रीती करा, हे शब्द सगुणाबाईंच्या कानी पडले तेव्हा द्वारका त्यांचे पाय पुसत होती. त्या भिंतीकडे तोंड करून खूप वेळ रडल्या. बरे होऊन घरी आल्या त्याच दिवशी त्यांनी फुंकणी नेऊन नदीच्या डोहात टाकली. तेव्हापासून त्यांच्या घरची चूल पुठ्ठ्याने वारा घालून पेटते.

पुढे त्यांनी प्रभू येशूचा स्वीकार करण्याची इच्छा सांगितली. वृद्ध पाळकांच्या हाताखाली एक तरुण शिष्य सेवेचे शिक्षण घेत होता. त्याच्याकडे सगुणाबाईंना शिकवण्याचे काम आले, आणि त्याने ते जीव ओतून केले. दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, विश्वासांगीकार, सारे त्यांना मुखोद्गत झाले. आता पेंटेकॉस्टच्या सणाला बाप्तिस्मा ठरला होता, आणि त्याआधी परीक्षा घेण्यासाठी पाळक स्वतः त्यांच्या घरी आले होते. शिष्यही सोबत आला होता. त्याच्या हातून तयार झालेली ही पहिली व्यक्ती.

दिवस कैऱ्यांचे होते. वर्षाचे लोणचे नुकतेच घातलेले. ज्या बायकांनी ते घातले आहे त्यांना सांगायला नको, की लोणच्याची बरणी म्हणजे बाईची अब्रू असते. पांढरी, तपकिरी गळ्याची ती बरणी फळीवर होती आणि तिच्या तोंडाला स्वच्छ फडक्याचा दादरा बांधलेला होता. सगुणाबाई सोडून तिला कोणी हात लावत नसे.

द्वारका चुलीशी भाकरी थापत होती. ती जरा तिरकी बसली होती, पाठ भिंतीला टेकवून, एक डोळा खोलीकडे ठेवून. सरळ बसली असती तर काम सोपे झाले असते. पण ती नेहमी तशीच बसे.

पाळकांनी एकही आज्ञा विचारली नाही. एवढेच म्हणाले, "सगुणाबाई, बाप्तिस्म्याच्या वेळी तुमच्या साक्षीला कोण उभे राहील?"

"मंडळीतल्या थोरल्या बाई राहते म्हणाल्यात, पाळकबाबा."

"बरं." मग त्यांनी फळीकडे पाहिले. "लोणचं यंदाचं का? बघू."

द्वारकाने सासूकडे पाहिले. सासूने मान हलवली, तशी तिने बरणी जपून खाली काढली आणि पाळकांच्या हाती दिली. आणि पाळकांनी ती टाकली.

आवाज असा झाला की बाहेर बांधलेली शेळी ओरडली. तेल जमिनीवर पसरत गेले, फोडी चुलीपर्यंत गेल्या, मोहरीचा वास नाकात शिरला. शिष्य ताडकन उठला. ज्या माणसाने आयुष्यात मुंगीवर पाय पडू दिला नाही, त्याने हे करावे?

शिष्याने घाबरत सगुणाबाईंकडे पाहिले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "जाऊ द्या, पाळकबाबा. हातच आहे. सुटतं कधी."

शिष्याला हायसे वाटले. परीक्षा ही होती तर! आणि बाई उतरल्या. तो हसत गुरूंकडे वळला, पण गुरू सगुणाबाईंकडे पाहतच नव्हते. ते द्वारकाजवळ गेले आणि हात जोडून म्हणाले, "पोरी, मी तुला घाबरवलं. मला क्षमा कर." मग चपला घातल्या आणि चालू लागले.

लोणचे सासूचे, बरणी सासूची. आणि क्षमा मागितली सुनेची. शिष्याला काहीच उमगेना. वेशीपर्यंत तो गुरूंच्या मागून चालला. मग त्याचा धीर सुटला.

"गुरुजी, बाई उतरल्या की नाही?"

"कशात?"

"परीक्षेत. वर्षाचं लोणचं मातीत गेलं आणि तोंडातून एक वाकडा शब्द नाही. आधीच्या सगुणाबाई असत्या तर..."

"तू तिच्याकडे पाहत होतास," पाळक म्हणाले. "मी दुसरीकडे पाहत होतो. बरणी कोणाच्या हातून पडली?"

"तुमच्या."

"हे तू पाहिलंस. सगुणाबाईंनी पाहिलं. द्वारकानेही पाहिलं. मग बरणी फुटताच द्वारकाचा हात डोक्यावर का गेला?"

शिष्य थांबला. त्याने ते पाहिलेच नव्हते.

"कोपर असं वर," पाळकांनी स्वतःचा थकलेला हात उचलून दाखवला, "आणि मान खाली. चूक माझी, आणि मार चुकवायला ती वाकली. बाळ, सगुणाबाईंचा हात देवाने बदलला, याची मला तिळमात्र शंका नाही. पण ते शुभवर्तमान अजून त्या मुलीच्या कोपरापर्यंत पोचलेलं नाही."

शिष्याला हे ऐकून धक्का बसला, आणि मग रागही आला. "पण तारण कृपेने आहे, कृतीने नाही, हे तुम्हीच शिकवलंत. तुम्ही त्यांचा बाप्तिस्मा कसा अडवता?"

"मी अडवला? मी एक शब्द तरी बोललो का?"

एवढ्यात मागून पावले वाजली. सगुणाबाई अनवाणी धावत येत होत्या. लुगड्याच्या काठाला तेल लागले होते. त्या जवळ येऊन उभ्या राहिल्या, पण दम लागल्यामुळे बोलता येईना.

"पाळकबाबा," शेवटी त्या म्हणाल्या, "या सणाला नको."

"का?" शिष्यच कळवळून म्हणाला. "बाई, सगळं ठरलंय."

"मी पाहिलं." त्यांनी स्वतःचे कोपर धरले होते. "मी तिला हात लावला नाही कधीपासून. मला वाटलं, मारणं सोडलं की झालं. आणि तिला अजून... मी समोर बसलेली असते आणि तिला अजून वाटतं." त्यांनी नजर आपल्या हाताकडे वळवली. "पाणी डोक्यावर घेऊन मी तिच्यासमोर कोणत्या तोंडानं उभी राहू?"

"बाई, देवाने तुम्हाला क्षमा केली आहे," पाळक म्हणाले. "त्यासाठी थांबायची गरज नाही. आज म्हणालात तर आज पाणी घालीन."

"देवानं केली. ते मला ठाऊक आहे. पण साक्ष देवासमोर नसते ना, माणसांसमोर असते." त्यांनी पदराने तोंड पुसले. "मी काय करू, सांगा."

"ते मला सांगता येणार नाही. एवढंच सांगतो, जो हात इतकी वर्षं वर जायला शिकला, त्याला खाली यायची घाई करू नका."

दुसऱ्या दिवशी चर्चच्या आवारातल्या आंब्याच्या कैऱ्यांची पाटी पाळकांनी सगुणाबाईंकडे पाठवली.

बाप्तिस्मा पुढे गेला, आणि मंडळीत कुजबुज झाली. "तुमची विद्यार्थिनी नापास झाली म्हणे," एक पंच शिष्याला म्हणाले. तो मान खाली घालून गेला. सगुणाबाई आता काही येत नाहीत, असे त्याने मनाशी धरले होते. पण त्या दर रविवारी येत राहिल्या आणि मागच्या रांगेत बसत राहिल्या.

घरात मात्र काही विचित्र गोष्टी सुरू झाल्या. सगुणाबाई स्वतःच्याच घरात शिरताना दाराबाहेरून हाक देऊ लागल्या, "मी येतेय गं." द्वारका पाठमोरी असली तर आधी खाकरत. हातात लाटणे, काठी, काहीही असले तरी ते खाली ठेवून मग तिच्याजवळ जात. शेजारीण एकदा म्हणाली, "काय हो, सुनेच्या घरात पाहुण्या झालात की काय?"

"पाहुणीच बरी," सगुणाबाई म्हणाल्या. "पाहुणी मारत नाही."

आणि पाळकांनी पाठवलेल्या कैऱ्या फोडल्या त्या दिवशी त्यांनी लोणच्याचे सारे सामान सुनेपुढे ठेवले. "मीठ तू घाल. माझा हात आता चुकतो." हात चुकत नव्हता. द्वारकाला ते कळले होते. तिने मीठ घातले.

पुन्हा कैऱ्यांचे दिवस आले, पुन्हा सण जवळ आला. पाळकांचे गुडघे आता साथ देत नव्हते. ते शिष्याला म्हणाले, "यंदा तू जा."

"मी काय विचारू?"

"तुला वाटेल ते."

शिष्य गेला. दोघी घरात होत्या. सगुणाबाई खाटेच्या कडेला बसून लसूण सोलत होत्या. त्याच्या पानात वाढायला म्हणून द्वारकाने फळीवरून नवी बरणी काढली. तिचे हात तेलकट होते. बरणी निसटली. यंदा खरोखर निसटली, आणि तिच्याच हातून.

तोच आवाज. तीच शेळी ओरडली. शिष्याचा हात डोक्यावर गेला आणि त्याने डोळे गच्च मिटून घेतले.

मग त्याला द्वारकाचा आवाज ऐकू आला. "आत्याबाई, जागच्या हलू नका. अनवाणी आहात. तुकडा पायात जाईल."

"हललेय कुठं मी? तुझंच पाऊल बघ."

"चपला देते थांबा."

"दे. आणि दादरा राहिला का धड? तेवढा तरी वाचव. आपल्या घरात लोणचं टिकायचंच नाही असं दिसतंय."

"गेल्या वर्षी पाळकबाबांनी फोडली, यंदा मी. पुढल्या वर्षी तुमची पाळी."

सगुणाबाई हसल्या. शिष्याने डोळे उघडले. द्वारका खाली बसून तुकडे वेचत होती, आणि तिच्या डोक्यावरून सासूचा हात पलीकडची केरसुणी घ्यायला गेला. द्वारकाने मान वरसुद्धा केली नाही.

शिष्याने एकच प्रश्न विचारला. "सगुणाबाई, साक्षीला कोण उभे राहील?"

थोरल्या बाईंचे नाव घ्यायला सगुणाबाईंची जीभ उचलेना.

"मी राहीन," द्वारका तुकडे वेचता वेचता म्हणाली.

सगुणाबाईंच्या हातातली केरसुणी तशीच राहिली.

"पण वहिनी," शिष्य चाचरत म्हणाला, "तुम्ही तर अजून मंडळीत नाही."

"मंडळीतल्या कोणी आत्याबाईंचा मार खाल्लाय का?"

शिष्य हात जोडून उठला. तो परत आला तेव्हा पाळक आंब्याखाली बसले होते.

"हात वर गेला का रे?" त्यांनी विचारले.

"गेला," शिष्य म्हणाला. "माझा."

पाळकांनी त्याला जवळ बसवून घेतले.

सणाच्या सकाळी पंचांनी हरकत घेतली. बाप्तिस्मा न झालेली बाई साक्षीदार कशी? असे कधी झाले नाही. पाळकांनी ते सारे ऐकून घेतले. "खरं आहे, कधी झालं नाही," ते म्हणाले. "थोरल्या बाई नियमासाठी उभ्या राहतील. पण सगुणाबाईंच्या अंगणात जो प्रभू आला, त्याला पहिल्यांदा ओळखणारी ही मुलगी आहे. तिला मी दाराबाहेर कसं ठेवू?"

चर्च भरलेले होते. पाण्याचे पात्र पुढे आणले गेले. सगुणाबाई मान खाली घालून उभ्या राहिल्या. पाळकांनी विचारले, "या बहिणीच्या नव्या जीवनाविषयी कोण साक्ष देतो?"

मागून द्वारका उठली. डोक्यावरचा पदर नीट करत पुढे आली. एवढ्या माणसांपुढे ती कधी बोलली नव्हती. लोकांना वाटले, आता ही सासूचे गुण सांगेल किंवा रडेल. तिने दोन्ही केले नाही.

"आत्याबाई मागे उभ्या असल्या," ती म्हणाली, "तरी मी आता त्यांच्याकडे पाठ करून भाकरी थापते."

एवढेच बोलून ती थांबली.

पुरुषांच्या बाकांवर काही जणांनी एकमेकांकडे पाहिले. त्यांना वाटले, अजून काही यायचे आहे. पण बायकांच्या बाजूला एकदम अशी शांतता पसरली, की पाळकांनी पात्रात बुडवलेल्या हातावरून पाणी ओघळताना ऐकू आले. एक म्हातारी पदरात तोंड लपवून बसली. आणि ज्या पंचांनी हरकत घेतली होती, त्यांची बायको नवऱ्याकडे पाहत राहिली. मग पंचांनी हळूच नजर खाली वळवली.

शिष्याने त्या दिवशी विश्वासांगीकार म्हणताना प्रत्येक शब्द सावकाश म्हटला, जणू तो पहिल्यांदाच शिकत होता.

आपण बदललो आहोत का, हे आपल्या ओठांना विचारू नये. आपल्याकडे पाठ करून काम करणाऱ्या माणसाच्या खांद्यांना विचारावे.