दाणे न खाणारी साळुंकी

एका राज्यात बातम्या पक्षी सांगत. रोज सकाळी चौकातल्या पारावर राघू बसत, आदल्या दिवशी पाहिलेले ओरडून सांगत, आणि ज्याची बातमी आवडे त्याला लोक दाणे टाकत. रिवाज जुना होता, राघू गलेलठ्ठ झाले होते.

तिथला राजा शूरंजय मुळात भला माणूस. पण त्याच्या सिंहासनाला एका मांत्रिकाचा शाप होता: त्यावर बसून जो प्रजेचे हिरावून घेईल, तो पायांकडून दगड होत जाईल. राजाने आपल्या कमळतळ्यासाठी खालच्या गावांचा पाट अडवला आणि त्याची पावले दगडाची झाली. राघूंनी मात्र दरबारातल्या नव्या नर्तकीच्या पैंजणांचेच तेवढे तिखटमीठ लावून सांगितले. दाणे त्यालाच पडत ना! पाटाचे नाव कोणी काढले नाही.

दगड गुडघ्यांवर चढला, तेव्हा राजाची धाकटी बहीण हेमांगी मांत्रिकाकडे गेली.

"माझा दादा कशाने वाचेल?"

"दाणे न खाणारा पक्षी आण. चौकात त्याला खरे बोलू दे. मग राजाच्या तोंडून 'होय' वदव. हे तिसरे अवघड."

हेमांगी रानात गेली. तिथे एक साळुंकी स्वतःचे किडे स्वतः टिपत होती. हेमांगीचे मागणे ऐकून ती म्हणाली, "येईन. पण माझे ऐकणार कोण?"

चौकात राघूंचा कलकलाट चालला होता. हेमांगी हात जोडून लोकांना म्हणाली, "आज मुठी मिटलेल्या ठेवा. माझा भाऊ जातो आहे." लोकांनी मुठी मिटल्या. दाणे पडेनात, तसे राघू गप्प झाले.

साळुंकी म्हणाली, "राजाने पाट अडवला आहे. खाली बायका वाळू उकरून पाणी काढतात."

राजाला पालखीतून आणले होते. दगड छातीला भिडला होता. प्रधान कानाशी लागला, "महाराज, पक्षी खोटा म्हणा. लोक चार दिवसांत विसरतात."

राजाला ते पटू लागले होते. त्याने बहिणीकडे पाहिले.

"भाऊबीजेला मी दगडाला ओवाळू का, दादा?" हेमांगी म्हणाली आणि तिला रडू फुटले.

"होय," राजा साळुंकीकडे पाहून म्हणाला. "पाट मीच अडवला. आत्ता सोडा."

दगड खपल्यांसारखा गळून पडला. पाट वाहिला, कमळे सुकली, गावे हिरवी झाली.

दुसऱ्या सकाळी राजा आपल्या पायांनी चौकात आला. साळुंकीने चोच उघडली मात्र, त्याचा हात नकळत दाण्यांच्या सुपाकडे गेला. हेमांगीने त्यावर चापट मारली. राजा हसला आणि हात मागे बांधून ऐकत उभा राहिला.

ते राज्य पुढे सुखाने नांदले, रोज सकाळी थोडेसे ओशाळून.