ओढ्यापलीकडची गोष्ट

फार पूर्वी एका रानात रेवा नावाची साळुंकी रोज संध्याकाळी उंबरावर बसून गोष्ट सांगायची. ऐकायला येणारे तिच्यासाठी एखादं फळ आणत. हळूहळू सारं रान जमू लागलं. मग ओढ्यापलीकडे कोतवाल पक्षी गोष्टी सांगू लागला आणि उंबराखालची गर्दी ओसरली. शेवटी एक म्हातारं हरीण तेवढं उरलं.

"तुम्ही नाही गेलात, आजोबा?"

"ओढा ओलांडवत नाही गं. नाहीतर गेलो असतो."

रेवाला वाईट वाटलं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मी ऐकून येते आणि तुम्हाला सांगते."

पलीकडे, पूर्वी उंबराखाली येणाऱ्या एका सशाने ओशाळून तिला जागा करून दिली. गोष्ट ऐकताना ती खुदकन हसली. कितीतरी वर्षांत तिला कुणी गोष्ट सांगितलीच नव्हती.

परतल्यावर तिने ती हरणाला सांगितली. ते मध्येच झोपी गेलं, तरी रेवाने गोष्ट हळू आवाजात शेवटपर्यंत सांगितली.