विरी

“पण मावशी, पाणी किती मिलिलिटर?”

कोंडामावशींनी वर पाहिलं नाही. त्या दुसऱ्याच कुणाच्या तव्यावरची भाकरी उलटत होत्या.

“पीठ मागंल तेवढं.”

“पीठ मागत नसतं, मावशी. माप असतं.”

श्रीरंग उंबरजे सर वही उघडून बसले होते. पॉलिटेक्निकात एकतीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलेला माणूस. ‘अंदाज’ या शब्दाचाच त्यांना तिटकारा. निवृत्त झाल्यापासून बार्शीतल्या एका कॉलेजात प्रौढांसाठी जी जी कार्यशाळा निघाली, ती ती सरांनी केली. बोन्साय झालं, ॲक्युप्रेशर झालं, मोबाइल दुरुस्ती झाली. घरच्या भिंतीवर तीन प्रमाणपत्रं होती, आणि त्यांच्याखाली कुंडीत वाळलेलं एक झाड.

पण कोंडामावशी शिकवत होत्या ती ‘तीन दिवसांत भाकरी’ ही हौस नव्हती.

संक्रांतीनंतर सरांच्या बायकोचा, महानंदाबाईंचा, उजवा हात गेला. लकवा. बोलणं शाबूत राहिलं, पण हात काही उचलेना. तेव्हापासून घरी भाकरी सर थापत होते, आणि महानंदाबाई त्यातली चतकोर दुधात कुस्करून बाकीची गुपचूप ताटात ठेवत होत्या. आता चैत्र लागला होता. बाईंच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या.

आज शेवटचा दिवस.

पहिल्या दिवशी सरांनी परातीला दोष दिला होता, दुसऱ्या दिवशी शेगडीला. “नाचता येईना अंगण वाकडं,” असं शेजारची बँकेतली पोरगी हळूच म्हणाली होती, आणि ते सरांनी नेमकं ऐकलं होतं. त्या पोरीची भाकरी आता टम्म फुगत होती. सरांची परातीतच कडेनं चिरत होती. ही अकरावी.

मावशी आल्या. पाहिलं.

“मोडा.”

“अहो, तीन दिवस नुसतं मोडा, मोडा! बाकीच्यांना कसं पाठीवर हात ठेवून शिकवता…”

“मोडा, सर.”

सरांनी मोडली. मळली. थापली.

चिरली…

तळपायाची आग मस्तकात गेली. सरांनी पिठाच्या हातानंच वही आपटली.

“एकशेवीस ग्रॅम पीठ! शहाण्णव मिलिलिटर पाणी! आठ मिनिटं मळलंय घड्याळ लावून! दाखवा चूक! दाखवाच!”

सगळ्या शेगड्यांपुढची माणसं वळून बघायला लागली.

मावशींनी सरांच्या डब्यातलं चिमूटभर पीठ उचललं. बोटांत चोळलं. जिभेवर ठेवलं.

“विरी गेलीया.”

“काय गेलं?”

“विरी. पिठाचा चिकटपना. जुनं पीठ हाय. पानी मोजून घाला न्हाईतर बिनमोजता, ते धरायचं न्हाई.”

सर डब्याकडे पाहत राहिले. हे दळण महानंदाबाईंनी संक्रांतीआधी स्वतः गिरणीतून आणलं होतं, हात चालत होता तेव्हा. डबा रिकामा करायला सरांचा जीव होत नव्हता. पुरवून पुरवून वापरत होते ते.

“हे… कधी कळलं तुम्हाला?”

“पैल्या दिशी.”

“पहिल्या दिवशी? आणि सांगितलं नाहीत? तीन दिवस मी इथे घाम गाळतोय…”

“इचारलं की तुमाला. पीठ कवाचं, म्हनून. तुमी म्हनला, मालदांडीचं.”

खरं होतं. कधीचं, असं विचारल्यावर सरांनी ज्वारीची जात सांगितली होती. वर मालदांडी कशी सरस, यावर दहा मिनिटं व्याख्यानही दिलं होतं. ते आठवून त्यांची कानशिलं तापली.

“बरं, चुकलं माझं. आता काय? टाकून देऊ?”

“टाकू नगा. हाय त्याला उपाय.”

सरांनी वही झटकली. पेनाचं टोपण काढलं.

“सांगा.”

“तुमच्या घरात भाकरी कोन करायचं?”

“महानंदा. अडतीस वर्षं.”

“मंग तिला ठावं आसंल.”

“मावशी! ती आजारी आहे. तिला त्रास नको म्हणून तर मी इथं येऊन शिकतोय!”

“पीठ बिघडलं, ती काय बोलली न्हाई?”

सरांनी पेनाचं टोपण बोटांत फिरवलं.

“सुरुवातीला म्हणत होती काहीतरी. पिठाचंच. मी म्हटलं, तू आता आराम कर, भाकरीचं मी बघतो.”

मावशी पुढच्या शेगडीकडे वळल्या.

पेन उघडंच राहिलं.

दुपारी वर्ग संपला. टेबलावर प्रमाणपत्रं मांडली. प्रत्येकावर खाली एक रेघ, आणि रेघेखाली ‘शिक्षकाची सही’. मावशींना लिहिता येत नव्हतं. त्यांच्यासाठी शिपायानं स्टॅम्प पॅड आणून ठेवलं होतं. एकेकाच्या कागदावर त्यांचा निळा अंगठा उमटत गेला. बँकेतल्या पोरीनं तर तो कागद कपाळाला लावला.

मग उंबरजे सरांचा कागद आला.

मावशींनी अंगठा पदराला पुसून टाकला.

“ह्याच्यावरची सही घरी घ्या.”

“घरी? घरी कुणाची?”

मावशींनी सरांच्या पिठाच्या डब्याकडे बोट केलं.

सरांना उमगलं, आणि उमगल्यावर ते जास्तच वैतागले.

“अहो, काहीतरीच काय, मावशी! तिचा उजवा हात उचलत नाही. सही करणार कशी ती?”

मावशींनी स्टॅम्प पॅड सरांपुढे सरकवलं.

“डावा हाय न्हवं? अंगठा घ्या.”