मध्ये दुभाषी नको

नवं आलं की जुन्याला हाकलायचंच, ही कसली खोड! इचलकरंजीच्या एका साड्यांच्या कारखान्यात नवे कॉम्प्युटर आले आणि काठांची सगळी डिझाइनं ज्यात होती, ते जुनं सॉफ्टवेअर त्यांवर उघडेचना. डिझाइन विभागाच्या प्रमुख मृणाल कुडचे यांनी वैतागून, जुन्याचं बोलणं नव्याला समजावणारा एक प्रोग्राम मध्ये बसवला. काम सुरू झालं.

तर परदेशातून आलेले बडे साहेब इंग्रजीत कडाडले. त्यांचे दुभाषी उपाध्ये यांनी ते मराठीत सांगितलं, “ज्याला चालायला मध्ये दुभाषी लागतो, ते इथे नकोच, म्हणतात.”

मृणालताईंनी कपाळाला हात लावला. “उपाध्ये, विचारा त्यांना, मग आधी सॉफ्टवेअर काढू की साहेबांना?”

सगळा विभाग खो खो हसला. काय झालं ते कळायला साहेब उपाध्येंच्या तोंडाकडे बघत राहिले.